फुटक्या खापरांचे साहेब

उत्खनन करणाऱ्यांची एक पंचाईत असते. चार महिने ऊन खात खणायचं आणि अहवाल छापून यायला दहा-बारा वर्षं! तोवर जो तो विचारतो, "काय सापडलं हो?" त्याला थर आणि खापरं सांगायला लागलं की तो जांभई देतो. मग आपण एखादा किस्सा सांगतो. एकातून दुसरा निघतो. असं करता करता माझ्याकडे अहवालात आहे त्यापेक्षा जास्त माल जमलाय. कारण अहवालात म्हैस नाही, कोंबडी नाही आणि सरजाबाई तर नाहीच नाही!

तेव्हा महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं. मी खामगावचा, ड्रॉइंग शिकून घरी बसलेला. पुण्याहून एक टीम जळगाव जामोदकडच्या एका गावात खणायला येणार होती. त्यांना नकाशे आणि खापरांची चित्रं काढणारा माणूस हवा होता. मी लागलो.

गावाबाहेर नदीकाठी एक मोठं टेकाड होतं. जुनी वस्ती मोडून जी पांढुरकी, राखेसारखी माती साठते तिला आमच्याकडे 'पांढर' म्हणतात. त्या पांढरीखाली तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचं गाव आहे, असं आमच्या सरांचं म्हणणं. सर पुण्याचे. उंच, काटकुळे, डोक्यावर हॅट. मजुरांनाही 'अहो' म्हणायचे. हसायचे मात्र क्वचित. हसले तर आम्ही एकमेकांना जाऊन सांगायचो.

*

पहिल्या दिवशी सरांनी पारावर गाव जमवलं आणि काम समजावून सांगितलं. सगळं ऐकून घेतल्यावर एका म्हाताऱ्यानं विचारलं, "ते समदं ठीक हाय साहेब. सोनं किती खोल हाय?"

सर म्हणाले, "सोनं नाही हो. आम्ही फुटकी खापरं शोधायला आलोय."

 एवढा मोठा साहेब, पुण्याहून आलेला, आणि फुटक्या खापरांसाठी! लोकांना खरंच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तंबूचा पडदा उघडला तर बाहेर हा ढीग! फुटके माठ, फुटके रांजण, चुलीवरची काळी मडकी, कपबशीचे कान. घराघरातून लोकांनी आणून टाकलं होतं. म्हातारा हात जोडून उभा.

"घ्या साहेब. कायले खनता? आमच्या घरी लय पडले व्हते!"

*

सरांनी त्या ढिगाला नाही म्हटलं नाही. खाली बसून एकेक तुकडा बघितला. आणि तळाशी एक लाल तुकडा सापडला. त्यावर काळ्या रंगाच्या बारीक रेघा. अस्सल! तीन हजार वर्षांचा! सर ताडकन उठले. "हा कुणाच्या घरचा?"

गर्दीतून एक पन्नाशीची बाई पुढे आली. "माह्या घरचा. ह्याचं अर्धं वाडगं हाय घरी. कोंबडी पानी पेते त्यातून."

ही सरजाबाई. पुढे पाट्या वाहणाऱ्या सगळ्या बायांची ती पुढारीण झाली.

सर तिच्या अंगणात धावले. कोंबडी खरंच त्या वाडग्यातून पाणी पीत होती. सरांनी वाडगं मागितलं आणि बदल्यात तंबूतली नवी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, वाटी दिली. सौदा झाला.

तिसऱ्या दिवशी सरजाबाई तंबूत हजर. "सर, कोंबडी त्यातून पानी पेत नाई. उन्हानं थे तापते, चोच भाजते तिची. माह्यं वाडगं वापस द्या."

सरांचा चेहरा पडला. शेवटी मी प्लास्टरमध्ये वाडग्याची नक्कल केली. लाल रंग दिला, वर काळ्या रेघा ओढल्या. कोंबडी पाणी प्यायली! ड्रॉइंगच्या परीक्षेतसुद्धा मला एवढा आनंद झाला नव्हता.

पण गंमत पुढेच आहे. महिन्याभरानं सर त्या अंगणावरून चालले होते. एकदम थबकले, वाकले, कोंबडीला हुसकलं आणि वाडगं उचलून उन्हात निरखायला लागले. घरातून सरजाबाई ओरडली, "ठेवा थे खाली, सर! थे कोंबडीचं हाय. तुमचं पेटीत हाय!"

*

मग सरांना शोध लागला की अर्धी पांढर जागेवर नाहीच. ती गावाच्या डोक्यावर आहे! तिथली घरं धाब्याची, सपाट मातीच्या छपरांची. पांढरीची माती पाणी झिरपू देत नाही म्हणून लोक पिढ्यान्‌पिढ्या ती पाट्या भरभरून छपरांवर नेत होते. मातीबरोबर खापरंही वर गेलेली.

झालं! सर पिशवी घेऊन छपरांवर. एका घरावरून दुसऱ्या घरावर, मान खाली घालून, वाळत घातलेल्या कुरडयांमधून एकेक पाऊल जपून टाकत. खाली एक म्हातारी सुपात धान्य पाखडत होती. तिनं वर बघितलं आणि सुनेला हाक मारली.

"अवो, कुरडया झाक! वानरं आले!"

सुनेनं वाकून पाहिलं आणि लाजून म्हणाली, "आत्याबाई, पुन्याचे सर हायेत."

म्हातारी म्हणाली, "मंग तं झाकच!"

*

आता म्हैस.

आमचे खड्डे माणूसभर खोल. बाजूच्या भिंती ओळंब्यात, सुरीनं कापल्यासारख्या. भिंतीत मातीचे थर दिसतात, त्याला 'सेक्शन' म्हणतात. सरांचा सगळा जीव त्या सेक्शनमध्ये. कुणी काठावर बसलेलं त्यांना चालायचं नाही.

एके सकाळी जाऊन बघतो तर खड्ड्यात म्हैस! शालिग्राम नावाच्या शेतकऱ्याची. हा आमच्याकडे कुदळीवर कामाला होता. म्हशीला इजा काही नव्हती. शांतपणे रवंथ करत उभी होती. शालिग्राम फावडं घेऊनच आला. "एक बाजू ढासळवतो सर, उतार झाला की येते वरतं."

सरांनी त्याचा हात धरला. "सेक्शनला हात लावायचा नाही!"

"अवो, मंग म्हैस काढू का शेक्शन वाचवू?"

आणि सर खरंच विचारात पडले!  शालिग्रामचा चेहरा रडवेला झाला. त्याच्या घरी दुभतं जनावर तेवढं एकच होतं.

शेवटी सरांनी निकाल दिला. शेजारची जागा नाही तरी पुढेमागे खणायचीच होती. तिकडून उतार काढायचा. पण शिस्तीत! थराथरानं, माती चाळत, खापरं वेगळी करत, नोंदी ठेवत. म्हशीला कळवा की वेळ लागेल.

दोन दिवस लागले. दोन दिवस ती म्हैस खड्ड्यात. शालिग्रामची बायको दोन्ही वेळा खाली उतरून धार काढायची. कडबा वरून टाकायचा. चहाला दूध तिचंच. शालिग्राम दर तासाला येऊन विचारायचा, "किती थर राह्यले सर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी उतार निम्म्यावर आला आणि कुंचा फिरवणाऱ्या बाया थांबल्या. खाली चोपून गुळगुळीत केलेली जमीन होती. गोल. मधोमध चूल, चुलीत राख आणि कडेला धान्याच्या कणगीची बैठक. अख्खं घर! एवढं पुरं घर आम्हाला तोवर मिळालं नव्हतं. सर त्या चुलीशेजारी मांडी घालून बसले आणि हसले. मोठ्यानं हसले!

उतार जरा वळवून घेतला आणि म्हैस ऐटीत बाहेर पडली. नकाशावर त्या घराला नंबर होता, पण आम्ही सगळे, सरसुद्धा, त्याला 'म्हशीचं घर'च म्हणायला लागलो.

संध्याकाळी शालिग्राम हळूच सरांजवळ आला. "सर, माह्याजवळ दोन बैल बी हायेत. कोनत्या खड्ड्यात सोडू, सांगा!"

*

दुसऱ्या एका घरात मुठीएवढे गोल गोटे सापडले. चाळीसेक असतील, एका कोपऱ्यात रचलेले. सरांनी ओळखलं, गोफणीचे गोटे. मग त्यांनी आठवडाभर बसून टिपण लिहिलं. शत्रूचा हल्ला, गावाचा बचाव, शेवटची लढाई. आम्हाला वाचून दाखवलं. अंगावर काटा आला!

पाटी घेऊन जाता जाता सरजाबाईनं विचारलं, "कोनासंगं लढाई झाली सर?"

"ते अजून कळायचंय."

"पाखराईसंगं झाली अशीन. कनसात दाना भरला का आमी बी दररोज लढतो!"

 सरांनी टिपण दुमडून खिशात घातलं. पुढे त्या लढाईचं नाव कुणी काढलं नाही.

*

फेब्रुवारी उलटल्यावर मुंबईहून एक बडे पुढारी काम बघायला येणार असं कळलं. सर काळजीत पडले. पुढच्या हंगामाला मंजुरी मिळणं न मिळणं या पाहुण्यांच्या हाती होतं. आणि दाखवायचं काय? घराच्या कुडाचे खांब कुजून जातात, राहतात फक्त त्यांची भोकं. जमिनीत गोलाकार काळी भोकं! आम्हाला त्यात घर दिसतं. पाहुण्यांना उंदराची बिळं दिसली असती.

सरांनी शालिग्रामला सांगितलं, "प्रत्येक भोकात एकेक काठी उभी करा. म्हणजे त्यांना कल्पना येईल." आणि ते पाहुण्यांना आणायला जळगावला गेले.

शालिग्रामनं काठ्या उभ्या केल्या. मग त्याला वाटलं, नुसत्या काठ्या बऱ्या दिसत नाहीत. त्यानं तुराट्या विणून कूड केला. कुडाला शेणमाती लिंपली. वर गवताचं छप्पर टाकलं. मी म्हटलं, "शालिग्रामभाऊ, पुरे!" तर म्हणाला, "सरची इज्जत हाय. अर्धं घर कसं दाखवाव?"

दुपारी जीप आली. सर उतरले आणि जागीच थिजले.

पाहुणे घराभोवती फिरले. वाकून आत डोकावले. भिंतीला हात लावला. आणि भारावून म्हणाले, "काय सांगता! तीन हजार वर्षं, आणि छप्परसुद्धा शाबूत!"

सरांनी तोंड उघडलं, पण शब्द फुटायच्या आत शालिग्राम पुढे झाला.

"हाव साहेब. पयलेच्या लोकाईचं काम पक्कं राह्ये. तवा ठेकेदार नव्हते ना!"

*

हंगाम संपायला चार दिवस होते. एका घराच्या जमिनीखाली दोन मडकी निघाली. आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवलेली. सरांनी कुंच्यानं माती झाडली, वरचं फुटलेलं खापर अलगद उचललं. आत बारीक हाडं होती. पाखराची वाटावीत इतकी बारीक.

 सरजाबाईनं पाटी खाली ठेवली. "लेकरू हाय?"

सर म्हणाले, "हो. लहान मूल गेलं की त्या काळी असंच ठेवायचे. राहत्या घरात, जमिनीखाली."

त्या दिवशी एकही बाई पुन्हा खड्ड्यात उतरली नाही. संध्याकाळी कुणाशी न बोलता सगळ्या घरी गेल्या. आम्हाला वाटलं, संपलं. आता उद्या कुणी येणार नाही, आणि उघडं पडलेलं ते तसंच टाकून जाता येत नव्हतं. सर जेवलेसुद्धा नाहीत.

सकाळी बाया आल्या. सगळ्या आल्या. धुतलेली लुगडी नेसून, कपाळभर कुंकू लावून. सरजाबाईच्या हातात फडक्याची पोटली होती.

ती सरांना म्हणाली, "पोरगा व्हता का पोरगी?"

"एवढ्या लहान हाडांवरून सांगता येत नाही, सरजाबाई."

"केवढं असंन?"

"असेल चार-सहा महिन्यांचं. कदाचित त्याहून लहान."

"मंग नाव तरी ठेवलं असंन का?"

 सरजाबाईनं माझ्या पाटीकडे बोट केलं. फोटोसाठी मी खडूनं लिहून ठेवलं होतं, 'दफन क्र. १'.

"असं नंबरानं राहू द्याव काय लेकराले?"

बाया खाली उतरल्या आणि मडक्यांभोवती बसल्या. एकीनं पाळणा म्हणायला सुरुवात केली, बाकीच्यांनी धरला. पोटलीत घुगऱ्या होत्या. मग एक अडचण आली. कानात नाव सांगायला आत्या लागते. आत्या कुठून आणायची?

सरजाबाईनं वर बघितलं. "सर, तुमाले सापडलं. तुमीच सांगा."

मला वाटलं, सर आता चिडणार. सरांनी हॅट काढून माझ्या हातात दिली. खाली उतरले, गुडघे टेकले, मडक्याच्या तोंडाशी वाकले आणि काहीतरी म्हणाले. काय म्हणाले ते कुणालाच ऐकू आलं नाही. रिवाजाप्रमाणे बायांनी त्यांच्या पाठीत बुक्के घातले. चांगले जोरात! सर उठले तेव्हा चष्मा वाकडा झाला होता. तो त्यांनी बराच वेळ पुसला.

मग काम सुरू झालं. फोटो झाले, चित्र झालं, मडकी उचलून पेटीत गेली. दुपारी सरांनी वही मागवून नोंद स्वतःच्या हातानं केली. शाई वाळायच्या आत मी ती वाचली. लिंग: सांगता येत नाही. वय: सहा महिन्यांच्या आत. आणि शेवटच्या रकान्यात, शेरा: बारसं झालं.