तूप न्हाय, वनस्पती हाय

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आज तुम्हाला सांगते आहे, कारण — कारण जाऊ दे. सांगते.

मी बेळगावात हायस्कूलला विज्ञान शिकवते. थोरला भाऊ, अण्णा, निपाणीजवळ गावी असतो. त्याला हृदयविकाराचा झटका आला, स्टेंट बसवला आणि डॉक्टरांनी तूप-लोणी बंद केलं. वहिनींनी ते इतकं मनावर घेतलं, की तुपाची बरणीच शेजारी देऊन टाकली. नावापुरत्या तेलातली भाजी बघून अण्णा तोंड वाकडं करायचा. आणि रविवारी मी निपाणीच्या बेकरीतली खारी घेऊन गेले की? चेहरा फुलायचा त्याचा. मला ते आवडायचं. वहिनींच्या देखत जास्तच आवडायचं — लिहायला बसलेच आहे तर हेही लिहिते.

एकदा वहिनींनी पुडा हातात घेतला. लेबल इंग्रजीत. त्यांनी विचारलं, "वन्सं, ह्यात तूप न्हाय न्हवं?"

पुढं ठळक अक्षरांत लिहिलं होतं, कोलेस्ट्रॉल शून्य. मी पुडा उलटला. मागं बारीक अक्षरांत सॅच्युरेटेड फॅटचा भलामोठा आकडा, खाली ट्रान्स फॅटचा. घटकांत वनस्पती तूप. म्हणजे घट्ट केलेलं तेल, हृदयाच्या रोग्यानं लांबच ठेवावं असं. हे मी वर्गात शिकवते! मला कळलं नाही असं कुठल्या तोंडानं म्हणू?

"तूप न्हाय वैनी, वनस्पती हाय," मी म्हणाले.

खोटं बोलले का? शब्द तर लेबलवरचाच होता. फक्त त्याच्या पुढचं 'तूप' मी गिळलं. वहिनींना झाडपाला ऐकू यावा म्हणूनच गिळलं. त्यांनी स्वतः बशीत खारी काढून अण्णाला दिली.

पुढं दर रविवारी मी दोन-दोन पुडे नेत राहिले. मग अण्णाला दुसरा झटका आला. दवाखान्यात डॉक्टरांनी खाण्यापिण्याचं विचारलं. खारी सांगायचं वहिनींच्या मनातही आलं नाही. रडत म्हणाल्या, दसऱ्याला पोळीवर शेजारून आणलेलं चमचाभर तूप वाढलं होतं. भेटायला जमलेले सगळे पाहुणे त्यांच्यावर तुटून पडले. आणि मी — खारीनंच झालं असं कोण छातीठोक सांगणार? पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढं खारीच होती. तरी मी सगळ्यांसमोर म्हणाले, "कशाला वाढलंसा वैनी तूप?"

अण्णा वाचला. पण तेव्हापासून वहिनींनी ताट वाढलं की घास घेण्याआधी त्यांनाच दहा प्रश्न विचारतो. आणि वहिनी बिस्किटाचा पुडासुद्धा माझ्यापुढं धरतात.

"तुमीच वाचून सांगा वन्सं. मला माझाच भरवसा न्हाय राह्यला."

आता मी खरं ते वाचते, पुडा उलटून, शेवटच्या ओळीपर्यंत. पाहुणे आले की वहिनी आपणहून सांगतात, माझ्याच हातानं झालं ते सगळं. तेव्हा मी शेजारी बसलेली असते. चहा पीत असते.