मर

वसुधा गेल्याचा फोन आला तेव्हा मी आकुर्डीला बसची वाट पाहत होते. पलीकडून सुधीर, तिचा नवरा, एवढंच म्हणाला, “सुटली…” किडनीच्या आजारानं तिचे फार हाल केले होते.

चाकणजवळच्या एका कंपनीत आम्ही दोघी कामाला होतो. कार्नेशनच्या फुलांची रोपं तयार करून पॉलीहाऊसवाल्यांना विकायची. एका वर्षी बबनदादांच्या पॉलीहाऊसमधली आमची रोपं माना टाकू लागली. आमच्या कंपनीचे मालक म्हणाले, पाणी जास्त झालं. पाणी द्यायची बबनदादांची बायको, कौसल्या. सगळा दोष तिच्या माथी आला. घरात तिच्याशी कोणी बोलेना.

वसुधाला ते पटेना. तिनं वाळक्या देठातली बुरशी काढून प्रयोगशाळेत पोषक पाण्यात वाढवली. मग ते पाणी असं गाळलं, की बुरशीचा कणही उरू नये. त्या नितळ पाण्यात निरोगी फुटवे ठेवले. दुसऱ्या दिवशी पानं खाली वळली होती. मुळं फुटण्याचं संप्रेरक देऊनही पुढं एकालाही मूळ आलं नाही. “बुरशी नसली तरी तिचं विष पुरतं गं,” ती म्हणाली. “वाढ म्हणून सांगतोय आपण, पण झाडाला ते ऐकूच येत नाही.” मग तिनं विक्रीसाठी ठेवलेली रोपं तपासली. त्यांच्यातही तीच बुरशी निघाली.

मालकांनी बजावलं, बाहेर बोलायचं नाही. रविवारी ती मला घेऊन थेट बबनदादांच्या घरी गेली. सासू-सासरे ओट्यावर बसले होते. त्यांच्यासमोरच तिनं सांगितलं, हा मर रोग आमच्या रोपांतूनच आला.

“म्हंजी पान्यानं न्हाई झालं?” कौसल्यानं दारातूनच विचारलं.

“नाही वहिनी. तुमचं काही चुकलं नाही.”

कौसल्या तिथंच उंबऱ्यावर बसली आणि तोंडाला पदर लावून रडली… ओट्यावरचं कोणी उठलं नाही.

सोमवारी वसुधाची नोकरी गेली. या धंद्यात पुन्हा तिला कोणी उभं केलं नाही. पिंपळे सौदागरच्या फ्लॅटमध्ये ती बारावीच्या शिकवण्या घेत राहिली. पुढं डायलिसिस सुरू झालं, तेव्हा त्याही थांबल्या.

तेराव्याला कौसल्या आली होती. “त्या दिशी बाई आल्या नसत्या, तर मी विहीर जवळ केली असती,” ती म्हणाली. सुधीरला हे ठाऊकच नव्हतं. तो चहा टाकायला उठला. स्वयंपाकाच्या ओट्याशी जाण्याआधी नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले, प्रयोगशाळेच्या सवयीनं वसुधा घरीही धुवायची तसे… आणि पाणी वाहत ठेवून तसाच उभा राहिला.