लागला का?

सुभेदार कुठल्याही वस्तूवर आधी तळहात ठेवत आणि मग विचारत, "लागला का?" रेडिओ असो, टेबलावरचा पंखा असो. आयुष्य तोफखान्यात गेलेलं. तिथे गोळा लागला का, हे विचारायची सवय. तोच प्रश्न इथे सगळ्याला.

तोफांनी त्यांचे कान खाल्ले होते. विश्रामबागेतल्या आमच्या ऑफिसच्या दारात ते वॉचमन होते. साहेबांनी आपल्या बारीक आवाजात हाक मारली तर हे ढिम्म, आणि रस्त्यावरून ट्रक गेला की ताडकन उठून सलाम!

संध्याकाळी मी एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचो. तुम्ही लग्नात ऑर्केस्ट्रा ऐकला असेलच. गायिका आठवते, ढोलकी आठवते. बेस आठवतो? नाही ना? माझ्या बायकोलाही आठवत नाही. एकदा सुभेदार तालमीला आले, स्पीकरच्या खोक्याशेजारी पत्र्याच्या खुर्चीवर बसले, खोक्यावर तळहात ठेवला आणि गाणं संपल्यावर ओरडले, "मास्तर, तुमचंच तेवढं ऐकू येतंय की!"

इतक्या वर्षांत मला असं कोणी म्हणालं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ते स्वतःच जुनी बेस गिटार घेऊन हजर. होल्डॉलच्या हिरव्या कापडाची खोळ घरीच शिवलेली.

"डाक्टर म्हनतोय, हाय ते बी जानार. त्याच्या आदी गावच्या जत्रंत एक गानं वाजवायचं. म्या वाजवल्यालं मला ऐकू आलं पायजे, बास."

तारा जाड, त्यांची बोटं त्याहून जाड. एक तार दाबली की शेजारची मुकी. फोड आले. त्याची तक्रार नव्हती. अडचण वेगळीच होती. एक स्वर वाजवला की ते थांबत, गिटारच्या लाकडाला हनुवटी टेकवत आणि माझ्याकडे बघत. "लागला का?" मी मान हलवायचो. तोवर गाणं पुढे निघून गेलेलं असायचं.

"सुभेदार, पुढचा वाजवा!"

"आवं, पयला लागल्याबिगर दुसरा कसा डागायचा?"

तरी हळूहळू एक गाणं बसत आलं. कान मात्र त्याहून वेगाने चालले होते. आधी तळहात पुरायचा, मग हनुवटी लागायला लागली, मग कपाळ.

साताऱ्याकडच्या त्यांच्या गावी जत्रेत आमचा कार्यक्रम ठरला. एक गाणं सुभेदारांचं. फेटा बांधून, छातीवर मेडल लावून ते उभे राहिले. मी शेजारीच होतो. तालमीच्या खोलीत त्यांचं लाकूड तेवढं बोलायचं. इथे ढोलकी, ड्रम, स्टेजच्या फळ्या, सगळंच थरथरत होतं. दुसऱ्या ओळीला ते थांबले. हनुवटी टेकवली. कपाळ टेकवलं. मग माझ्याकडे वळले.

"मास्तर, ह्यात माजा कंचा?"

त्यांनी तारांवरचा हात काढला. गाणं शेवटपर्यंत बेसशिवाय झालं, आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही.

सरपंचांनी शाल घातली, नारळ दिला. "सुभेदार, लय भारी वाजवलंसा!"

"काय म्हनत्यात?" त्यांनी मला विचारलं. मी कानाशी ओरडून सांगितलं.

"वाजवलंच न्हाई की म्या," ते नेहमीसारखे मोठ्याने म्हणाले. लोक हसले. लोकांना तो विनय वाटला.

त्यांनी नोकरी सोडली आणि गावी राहायला गेले. गिटार खोळीसकट तालमीच्या खोलीत ठेवून गेले. त्यांचं काही कळलं तर, आता काहीच ऐकू येत नाही, एवढंच.

ती पत्र्याची खुर्ची अजून खोक्याशेजारीच आहे. ते बसायचे तेव्हा त्यांच्या वजनाने ती गप्प असायची. आता सगळ्यात जाड तार छेडली की रिकामी खडखडते. ढोलकीवाला वैतागतो, "बाहीर काड रं ती खुर्ची, लय वाजती." मी काढत नाही. ती वाजली की माझा हात थांबतो, तोंडातून "लागला" निघून जातं, आणि तोवर गाणं पुढे निघून गेलेलं असतं.