कुंदाने उघडलेली पाणबुडी

लताताईंचा फोन आला तेव्हा मी डोंबिवलीत एका मण्यांच्या दुकानात पितळेची बारीक तार बघत होते. कुंदानेच मागवलेली. ठाण्यात हवी तितकी बारीक मिळत नाही, तू येताना घेऊन ये, असं तिने आदल्या दिवशी सांगितलं होतं. लताताई म्हणजे कुंदाच्या घरी अरविंदभावजींना सांभाळायला दिवसभर असणाऱ्या बाई. बोलतात नेहमी मोठ्याने. त्या दिवशी मात्र आवाज अगदी खाली होता. ताई, तुम्ही निघून या, एवढंच म्हणाल्या. मी विचारलं, भावजींना काही झालं का? त्या म्हणाल्या, "साहेब बरे आहेत."

त्यावरूनच मला कळलं.

नौपाड्यातल्या घरी पोचले तर जिन्यात चपला जमलेल्या. सकाळी चहा झाल्यावर जरा पडते म्हणून कुंदा आडवी झाली आणि झोपेतच गेली. लताताई कामावर आल्या तेव्हा भावजी पलंगाशेजारी बसले होते. लताताईंना बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. झोपलीय, म्हणाले, उठवू नका. स्वतःच्या अंगावरची शाल त्यांनी कुंदाला पायांपर्यंत नीट पांघरली होती. किती वेळ ते असे बसून होते, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

कुंदा आणि मी ठाकुर्लीला एकाच इमारतीत वाढलो. मी शाळेत शिकवायला लागले, ती दातांची डॉक्टर झाली. तिचा हात फार हलका. आमच्या इमारतीतली घाबरट पोरंसुद्धा तिच्यापुढे निमूट तोंड उघडायची. लग्न केलं ते नौदलातल्या अरविंद नावाच्या इंजिनिअरशी. ते पाणबुडीवर होते. माझ्या आईला पाणबुडी म्हणजे बुडालेली बोट असंच वाटायचं, आणि अशा माणसाला मुलगी दिलीच कशी म्हणून ती कितीतरी दिवस हळहळत होती. कुंदा हसायची. पण भावजी कुठे जातात, केव्हा येतात, तिथे काय करतात, हे तिलाही कळत नसे. विचारायचं नाही आणि सांगायचं नाही, असाच त्यांचा संसार सुरू झाला.

त्यांची पहिली मुलगी दिवस भरायच्या आधी जन्मली. कुंदा बाळंतपणाला माहेरी आलेली, भावजी समुद्रात. मी प्रसूतिगृहात तिच्यासोबत होते. मूठभर पोर, पण डोकं जावळाने भरलेलं. काही दिवसच जगली. बारसंही झालं नव्हतं. पाणबुडी पाण्याखाली असताना घरची अशी बातमी माणसाला सांगत नसत. किनाऱ्याला लागल्यावरच भावजींना कळलं. ते आले, कुंदाजवळ बसले, रजा संपल्यावर परत गेले. त्या मुलीबद्दल ते कधीच काही बोलले नाहीत. पुढे निखिल झाला, भावजी निवृत्त झाले, ठाण्यात घर झालं, कुंदाचा दवाखाना नावारूपाला आला. सगळं नीट झालं. फक्त एकदा, निखिलच्या मुंजीनंतर आम्ही दोघी भांडी आवरत असताना, ती सहज बोलावं तसं म्हणाली, "कशी दिसत होती, एवढंही त्याने विचारलं नाही गं मला." मी हातातलं पुसलेलं पातेलं पुन्हा पुसायला घेतलं.

भावजींचं विसरणं सुरू झालं तेव्हा कुंदाने दवाखाना बंद केला. आधी रस्ते गेले, मग माणसांची नावं. पुढे त्यांचं बोलणंच आटत गेलं. निखिल परदेशात असतो. बाबांना विरंगुळा म्हणून त्याने प्लास्टिकच्या पाणबुडीचा संच पाठवला, सुटे भाग चिकटवून जोडायचा. भावजींच्या हातांना कंप, त्यामुळे खोका कपाटावर पडून राहिला. एका दुपारी कुंदानेच तो काढला आणि राखाडी पाणबुडी जोडून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि खाली ठेवली.

"ही आमची नाही," ते म्हणाले.

कितीतरी दिवसांत त्यांनी उच्चारलेलं ते पहिलं सबंध वाक्य होतं. कुंदाने विचारलं, मग तुमची कशी होती? त्यांनी बोटाने दाखवलं. वरचा मनोरा आणखी उंच, नाक आणखी फुगीर. झालं, कुंदा कामालाच लागली. दवाखान्यातली हत्यारं तिने टाकून दिली नव्हती. दात कोरायच्या यंत्राने तिने पाणबुडीचा मनोरा कापला, जुन्या बँक कार्डांचे तुकडे लावून उंच केला. नाक फुगवायला कवळ्या बनवायचा गुलाबी मसाला थापला. मी पाहिलं तेव्हा त्या पाणबुडीला चक्क हिरड्या आल्या होत्या. आम्ही दोघी इतक्या हसलो की भावजीही हसायला लागले, कशाला ते न कळताच.

मग भावजी आतलं सांगायला लागले. इथे इंजिनं. इथे स्वयंपाक, एवढ्याशा जागेत. पण पाणबुडी तर बंद, आतलं दिसणार कसं? म्हणून एका कुशीला लांबट खिडकी कापायचं तिने ठरवलं. पेन्सिलीने रेघ मारली, यंत्र सुरू केलं, आणि भावजींनी तिचं मनगट धरलं. ते खरोखर घाबरले होते. रागावले किंवा थट्टेत असले की ते तिला डॉक्टर म्हणत, पण त्या दिवशी तो आवाजच वेगळा होता.

"डॉक्टर, पाणी शिरेल."

कुंदाने यंत्र बंद केलं. त्यांचा हात दोन्ही हातांत घेऊन बसली. आपण घरात आहोत, हे नौपाडा आहे, इथे पाणी नाही, असं समजावत राहिली. त्या दिवशी तिने कापलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग एकदा भावजींनीच पेन्सिलीच्या रेघेवर बोट फिरवलं आणि मान हलवली.

त्यानंतर मी दर आठवड्याला ठाण्याला जायला लागले. आतली कामं बारीक, दोन हात जास्त लागत. कुंदा भिंती उभ्या करायची, तारांचे नळ वाकवायची, दातांत बघायच्या आरशाने आतला कानाकोपरा तपासायची. भावजी समोर बसून "अजून नळ" म्हणायचे. कितीही लावले तरी अजून नळ. पुढच्या टोकाला टॉर्पेडो ठेवायची जागा होती. कुंदाने तिथे टॉर्पेडो मांडले, तसे भावजी पुढे वाकले. त्यांच्या वर फळी पाहिजे, म्हणाले. जागा कमी, नव्याने आलेल्यांना टॉर्पेडोच्या वरच झोपावं लागे. कुंदाने कार्डाची बारीक पट्टी कापून चिमट्याने तिथे बसवली. भावजी त्या पट्टीकडे बघत राहिले. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "इथे पडून मी तिचं नाव ठरवलं."

कुणाचं, असं कुंदाने विचारलं नाही. चिमटा तिच्या हातात तसाच होता.

"काय ठरवलंस?"

"वृंदा. मुलगी झाली तर वृंदा. शेजारच्या फळीवरच्यालाही सांगितलं होतं... मग वर आलो तर..."

पुढचं त्यांना सापडेना. ओठ हलत राहिले. मी उठून आत जाणार होते, पण कुंदाने मला हाताने थांबवलं. तिथे त्या मुलीला पाहिलेल्या आम्ही दोघीच होतो, म्हणून असेल. चांगलं आहे नाव, कुंदा म्हणाली. मग भावजींनी तिला विचारलं, कशी होती गं ती? आणि कुंदाने सांगितलं. जावळ दाट होतं. रडायची अगदी हळू, मांजराच्या पिल्लासारखी. "आणि कान तुझे होते. सगळे म्हणाले, बापाचे कान घेऊन आलीय."

भावजींनी स्वतःच्या कानाला हात लावून पाहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांना यातलं काही आठवत नव्हतं. पण तो प्रश्न मात्र कुठेतरी उघडा राहिला असावा. चार-सहा दिवसांनी ते पुन्हा विचारायचे, मुलगी कशी होती गं? दर वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखे. आणि दर वेळी कुंदा हातातलं काम बाजूला ठेवून सांगायची, जावळापासून कानांपर्यंत, काही न गाळता. मी एकदा म्हटलं, तुला त्रास नाही का होत? ती म्हणाली, होतो ना. पण आता तो विचारतोय.

एवढंच तिला मिळालं. चार-सहा महिने... तेवढेच.

आता तिला जाऊन महिना उलटला. निखिल येऊन, दिवसकार्य उरकून परत गेला, दिवाळीनंतर वडिलांना घेऊन जाईन म्हणतो. तोवर लताताई रात्रीही तिथेच राहतात. पाणबुडी गॅलरीतल्या टेबलावर आहे. रंग लागलेला नाही, मनोऱ्यावरचा कठडा व्हायचा राहिला आहे. तारेचं भेंडोळं मी तिथेच नेऊन ठेवलं. पूर्ण करायची का, असं निखिलने मला विचारलं होतं. मी नको म्हटलं. पहिले काही दिवस कुंदा कुठे गेली, असं भावजी सारखं विचारत. लताताई खरं सांगत, आणि दर वेळी त्यांच्यावर ते नव्याने कोसळे. शेवटी लताताईंनी खरं सांगायचं सोडलं. मुलगी कशी होती, हे मात्र भावजींनी कुंदा गेल्यापासून कुणालाच विचारलेलं नाही. मला तरी विचारतील म्हणून मी त्यांच्याजवळ बराच वेळ बसून राहते.

परवा गेले तर ते टेबलाशीच होते. दुपारचं ऊन पाणबुडीच्या उघड्या कुशीत शिरलं होतं आणि आतले नळ चमकत होते. मी नकळत समोरची खुर्ची ओढली आणि बसले. भावजींनी मान वर केली. ओळख पटली की नाही कोण जाणे, पण घरी आलेल्या पाहुण्याशी बोलावं तशा अदबीने म्हणाले, "तिथे नका बसू. डॉक्टर बसतात तिथे."

मी उठले. लताताईंनी आतून स्टूल आणून दिलं. ती खुर्ची मी होती तशी टेबलाशी सरकवून ठेवली, आणि तिच्या दोन बाजूंना आम्ही दोघं बसून राहिलो.