खिडकीजवळच्या मॅडमना पत्र

लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. कारण मी असलं काही मानणाऱ्यातली नाही. विंचूरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी कधी उतारा ठेवलेला असला, की बाकीच्या पोरी वळसा घालायच्या आणि मी लिंबू ओलांडून शाळेत जायचे. आजही ओलांडेन. या ग्रुपवरचे भुताखेतांचे बहुतेक अनुभव रात्रीचे, घाटातले असतात... माझा भर दुपारचा आहे. सिन्नरच्या एमआयडीसीतल्या एका ऑफिसातला. एसी चालू, ट्यूबलाइट चालू.

नाशिक रोडला खोली घेऊन मी बी.कॉम. केलं. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. वडील कांदा मार्केटमध्ये हमाली करतात. नोकरी लागली तर शहरात राहायचं, नाहीतर घरी परत यायचं — असं ठरलेलं होतं. पुठ्ठ्याचे बॉक्स बनवणाऱ्या एका कंपनीत अकाउंट्ससाठी इंटरव्ह्यू होता.

टेबलापलीकडे तिघं होते. एचआरचे सर, अकाउंट्सचे वयस्कर सर आणि जरा बाजूला, खिडकीजवळच्या खुर्चीवर एक मॅडम. मोरपंखी साडी, कपाळावर पिकलेली बट, मांडीवर पर्स. एचआरच्या सरांनी इंग्रजीत स्वतःबद्दल सांगायला सांगितलं आणि माझं पाठ केलेलं सगळं गेलं. घशातून आवाजच येईना. सर घड्याळाकडे बघायला लागले.

तेव्हा मॅडम म्हणाल्या, "मराठीत सांग गं. येतंय ना तुला? मग सांग की."

"हो मॅडम," म्हणाले आणि बोलत सुटले. टॅली, जीएसटी, सगळं नीट सांगितलं.

इंटरव्ह्यूनंतर आभाराचा मेल टाकायचा, असं कॉलेजात प्लेसमेंटच्या सरांनी सांगितलं होतं. माझं इंग्रजी मेलपुरतंही नव्हतं, पण अक्षर चांगलं होतं. म्हणून हाताने तीन पत्रं लिहिली. मॅडमचं नाव कोणी सांगितलं नव्हतं, मग पाकिटावर 'खिडकीजवळच्या मॅडमना' एवढंच लिहिलं. रविवारी घरी गेले तर आई हळदीकुंकवाचा करंडा घेऊनच आली.

"आई, ऑफिसात द्यायचीत ती!"

"मग काय झालं? चांगल्या कामाचं हाय ना? कोरं नाय धाडू." तिने तिन्ही पाकिटांच्या कोपऱ्यांना बोटं टेकवली.

पाकिटं मी कंपनीच्या गेटवर देऊन आले. दोन दिवसांनी फोन आला, येऊन भेट.

"काय, लग्न कोणाचं आहे?" एचआरचे सर हसत होते. दोन पाकिटं फोडलेली होती. तिसरं त्यांनी माझ्याकडे सरकवलं. "आणि ही पत्रिका कोणाला? आम्ही दोघंच होतो."

"नाही सर, मॅडम होत्या ना."

"कुठल्या मॅडम? या मजल्यावर एकही मॅडम बसत नाहीत."

सर समजुतीने बोलायला लागले. "टेन्शनमध्ये होतं असं. चुकून लिहिलं म्हण, विषय संपला. हे पाकीट मोठ्या साहेबांनी पाहिलंय. पोरगी बरी आहे ना, विचारतायत. ऑफर लेटर तयार आहे तुझं."

चुकून... एवढा एक शब्द. तिकडे वडिलांनी अख्ख्या मार्केटला सांगून ठेवलेलं. मी कंडक्टरशीसुद्धा कधी वाद घालत नाही.

"सर, मला नोकरी पाहिजे." आवाज थरथरत होता, पण आला. "पण त्या होत्या. मला बोलतं त्यांनी केलं. त्यांचं पत्र खोटं म्हटलं, तर तुमची दोन्हीही खोटीच धरा."

अकाउंट्सचे सर बाजूलाच बसले होते. ते म्हणाले, "त्या दिवशी तू मधेच खिडकीकडे बघून 'हो मॅडम' म्हणालीस. मला वाटलं, घाबरून म्हणालीस." मग एचआरच्या सरांकडे वळले. "तुम्हीही ऐकलंत ना?"

एचआरचे सर टेबलावरचे कागद उगीचच सारखे करत राहिले.

ऑफर लेटर मिळालं. तिसरं पाकीट मी मागून घेतलं आणि त्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. अजून तिथेच आहे. कोणी उघडलेलं नाही, कोणी हलवलेलंही नाही.

आता तुम्ही विचाराल, तिथे कोणी बाई वारल्या होत्या का? मी चौकशी केली. नाही. बिल्डिंग नवी आहे, आधी नुसतं माळरान होतं. मग म्हणाल, भास झाला असेल. म्हणा. मीही कदाचित म्हटलं असतं...

पण गेल्या महिन्यात पुन्हा इंटरव्ह्यू होते. फायली द्यायला मी आत गेले होते. सुरगाण्याकडची एक मुलगी बसली होती. इंग्रजीत प्रश्न आला आणि ती गप्पच झाली. मी खिडकीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती — मला तरी रिकामीच दिसली. ती मुलगी मात्र तिकडे बघून हळूच हसली.

"हो मॅडम," म्हणाली आणि मराठीत बोलायला लागली.

अकाउंट्सच्या सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

हे काय आहे, मला आजही सांगता येत नाही. पण सांगता येत नाही म्हणून घडलंच नाही, हे मी तेव्हा मानलं नाही आणि आताही मानणार नाही.

जिन्यात त्या मुलीने मला गाठलं. "ताई, त्या मॅडमचं नाव काय हो? आभार मानायचे राहिले."

"नाव मलाही माहीत नाही," मी म्हणाले. "पण तू पत्र लिही. मी पोचवते."