हिरवा पडलेला पिरोजा

डोळ्याला भिंग नसतं तर त्यांना गल्लीतलं कुणी ओळखलंच नसतं, म्हणून सगळे त्यांना भिंगदादा म्हणायचे. दागिन्यांच्या दुरुस्तीत त्यांची हयात गेली होती. खिडकीपाशी बाक, बाकावर दिवा, पकडी, कानशी, फुंकणी. त्या बाकापाशी ते अशा थाटात बसायचे की गिऱ्हाइकाला वाटावं, आत्ताच नाटकाचा पडदा वर गेलाय.

आज मात्र खुर्चीत सुया पेरल्यासारखं झालं होतं. बसायचे, उठायचे, खिडकीतून रस्ता बघायचे, परत बसायचे.

"अहो, फरशी झिजेल," बायको म्हणाली. "चहा परत गरम केलाय. पिताय, की कुंडीत ओतू?"

चहाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. समोर थोरल्या बहिणीची, आक्काची, अंगठी पडली होती.

आक्काचा जन्म डिसेंबरातला. त्या महिन्याचा खडा पिरोजा, म्हणून आईनं तिला तो चांदीत बसवून दिला होता, अगदी आभाळाच्या रंगाचा. देताना आईनं गोष्टही सांगितली होती. हा दगड इराणच्या खाणींतून तांड्यांबरोबर देशोदेशी गेला. घोड्यावरून पडू नये म्हणून स्वार तो लगामाला बांधायचे. आणि घालणाऱ्याच्या जिवाला धोका असला की माणसाच्या आधी दगड उतरतो, त्याचा रंग जातो. भिंगदादांनी ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं. पिरोजा घाम पितो, तेल पितो, साबण पितो आणि रंग बदलतो, हे त्यांना पुढे धंद्यात कळलंच. आक्कानं मात्र गोष्ट उराशी धरली. रोज सकाळी ती आरशाआधी अंगठी बघायची. आता तिच्या हृदयाची झडप बदलायची होती आणि उद्या दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. डॉक्टरांनी जीव तोडून समजावलं, पण तिचा सगळा धीर त्या बोटावर. निळा आहे ना, मग मी जाते, एवढंच तिचं म्हणणं.

नेमका अंगठीचा वेढा तुटला आणि ती भावाकडे आली.

खडा काढून मगच ज्योतीवर डाक लावून वेढा सांधायचा, ही रीत. पण जुनं कोंदण उकललं असतं तर खडा दुभंगला असता. म्हणून भिंगदादांनी तो ओल्या चिंधीत गुंडाळला आणि श्वास रोखून ज्योत फिरवली. डाक बसला. खड्याला झळसुद्धा लागली नाही. ते स्वतःवरच खूश झाले, चिंधी सोडली, आणि डाकाचा काळेपणा घालवायला जन्मभराच्या सवयीनं अख्खी अंगठी गरम तेजाबाच्या वाटीत सोडून दिली. आगीतून वाचवलेला दगड त्यांनी असा वाटीत घालवला. बाहेर काढला तेव्हा तो शेवाळासारखा हिरवा आणि फिका पडला होता.

"बदलून टाका," बायको हलक्या आवाजात म्हणाली. "खडेवाल्याकडून आणलाय ना तसाच निळा? जीव जाण्यापेक्षा खोटं बरं."

"तिनं तो जन्मभर पाहिलाय गं."

"तिचे डोळे कुठे तुमच्यासारखे आहेत?"

ते कोंदण उकलायला वाकले, तोच दार वाजलं. आक्का वेळेच्या आधीच आली होती. वहाणा काढता काढताच तिनं हात पुढे केला.

"आण रे भिंग्या. बोट उघडं उघडं वाटतंय."

लपवायला जागाच नव्हती. अंगठी पाहून ती खाली बसली. तोंडचं पाणी पळालं.

"आक्का, मी तेजाबात टाकली. माझी चूक आहे. तुझा काही संबंध नाही."

"तू? तेजाबात?" ती कसनुसं हसली. "लहानपणी माझी पाटी फोडलीस तेव्हा कबूल झाला नाहीस, आणि आज न विचारता? मला धीर देतोयस. कळतं मला. मी नाही जायची उद्या."

"अगं, खरंच सांगतोय."

"आईची शपथ घेतलीस तरी नाही."

खरं बोलून कुणाचा विश्वास बसत नाही, हा प्रकार भिंगदादांना नवा होता. त्यांनी दोन येरझाऱ्या घातल्या. मग नवा निळा खडा उचलून तिच्या तळहातावर ठेवला.

"हा बघ. हा कुणाचाच नाही. कुणाच्या बोटात गेला नाही, कुणाला दुखलंखुपलं नाही. तूच टाक."

तिनं वाटीत सोडला. तिघंही वाकून बघत राहिली. निळा रंग आधी मळला, मग कडेनं हिरवा चढत गेला. बायकोनं चुकचुक केलं, कारण खडा खरंच सुरेख होता.

आक्कानं वाटीतल्या खड्याकडे पाहिलं, मग अंगठीकडे. "म्हणजे तू खरोखरच गाढव आहेस," ती शेवटी म्हणाली आणि अंगठी बोटात सरकवली. "उद्या न्यायला लवकर ये."

दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दारात नर्सनं अंगठी काढायला लावली. आक्कानं ती भावाच्या करंगळीत अडकवली. "धड सांभाळ. आता वाट्याबिट्यांपासून लांब राहा," म्हणाली आणि आत गेली.

भिंगदादा बाकावर बसले, उठले, पाणी प्याले, परत बसले. रंग कशानं गेला हे त्यांच्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं. तरी खिशातलं भिंग त्यांनी डोळ्याला लावलं, करंगळी उजेडाकडे धरली, आणि खडा होता त्याहून आणखी फिका तर पडत नाही ना, हे बघत राहिले. पलीकडे बसलेल्या बायकोनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.