परातीतलं पाणी

माझे बाबा भरवेलीच्या खाणीत सुरुंग लावायचे. पाळी संपली, माणसं मोजून झाली, सगळी लांब गेली, की मगच बार उडवायचा असा तिथला नियम. त्याचा आवाज आमच्या क्वार्टरपर्यंत येत नसे. पण आईने फळीवर स्टीलचे दोन ग्लास मुद्दाम एकमेकांना टेकवून ठेवले होते. बार उडाला की ते किणकिणत आणि आई भात टाकायची. माणसं सुखरूप आहेत हे तिला त्यावरून कळायचं. बाबा खाली खाणीत उतरले की त्यांचा मोबाइल वरच, पेटीत राहायचा.

अकरावीत सरांनी सांगितलं, लाट पुढे जाते, पाणी जागेवरच राहतं. मला ते पटेना, आणि न पटलेलं मान्य करायचा माझा स्वभाव नाही. त्या दुपारी मी जमिनीवर परात ठेवली, फळीवरच्या एका ग्लासाने पाणी ओतलं आणि वर भाताचं एक टरफल सोडलं. बोट हळूहळू बुडवलं की वलयं लांब लांब उठत, भराभर बुडवलं की जवळ जवळ. कडेला मात्र दोन्ही सारख्याच वेळात पोचत. टरफल तिथेच वरखाली होत राहिलं. सरांचं म्हणणं खरं निघालं.

आई शेजारीच तांदूळ निवडत बसली होती. मध्येच, बोट वर असताना, पाणी थरथरलं.

"आई, हालू नको ना वं."

"मी कुठं हालली?"

मी वैतागून वहीत काहीतरी खरडलं आणि पुढचं मोजायला घेतलं.

बऱ्याच वेळाने आईने विचारलं, "आज गिलास काऊन नाही वाजले?"

तिचे हात तांदळातच थांबले होते. माझी नजर परातीशेजारच्या ग्लासावर गेली. मी तो उचलून दाखवला. पण त्याने काय होणार? बार उडाला की नाही, हे आता आम्हा दोघींनाही कळणार नव्हतं. आई मला रागावलीसुद्धा नाही, याचीच मला जास्त भीती वाटली. चुलीवरचं आधण आटून गेलं. आम्ही दोघी दारात उभ्या राहिलो.

शेवटी मोटारसायकल आली. बाबांनी रिकामं पातेलं पाहिलं.

"भात नाही टाकला काऊन? बार तं वेळेवरच उडाला."

आईने पातेल्यात पुन्हा पाणी ओतलं. मी वही उघडली. आकड्यांच्या खाली माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : आई हलली, हे धरू नये.